अनुभव धागा : काटोल रोडचे पाय, लडाखचा चढ

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं, दर रविवारी पहाटे काटोल रोडवर दिसणारे, ऑगस्टअखेर मनाली ते लेह सायकलने जायचं म्हणतोय. रोहतांगवरून, म्हणजे साधारण पावणेपाचशे किलोमीटर. तक्ता आठ दिवसांचा केलाय : मढी, सिस्सू, जिस्पा, सरचू, पांग, डेब्रिंग, उपशी, लेह. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर आणि वाटेतली तंगलंग ला ही खिंड ५३२८ मीटर. रामटेकचा गड न थांबता चढलो की आपण स्वतःला पहाडी समजतो, म्हणून जरा धाकधूक आहे. जे जाऊन आले, किंवा अशाच कोरड्या उंच भागात कुठेही फिरले, त्यांनी लिहा. शोधून सापडणारी माहिती नको, तुमच्यासोबत काय झालं ते सांगा. फजितीचं आधी.

सदरचा_उड्डाणपूल
तक्ता पाहून पोटात गोळा आला, कारण २०१९ मध्ये आमचा अगदी हाच होता. जिस्पा ते सरचू एका दिवसात. जिस्पा ३२०० मीटरवर, सरचू ४३०० च्या जवळ, मध्ये बारालाचा खिंड, ४८९० ची. पाय झकास चालून राहिले होते, उन्हाळाभर परतवाडा-चिखलदरा घाट मारला होता ना! बारालाच्यावर उड्या मारत फोटो काढले. रात्री सरचूच्या तंबूत डोकं ठणकायला लागलं, जेवणाचा वास आला तरी उलटीची भावना. मित्र म्हणे, "थकला असशील बे, झोप." पण बुटाची नाडी सोडायला वाकलो तर तोल जाऊन राहिला होता. तेव्हा मात्र सगळे चूप.

आता नकाशावर न दिसणारी गोष्ट. सरचूत उंचीचा त्रास झाला तर सरळ खाली उतरायची सोयच नाही. मागे बारालाचा, पुढे लाचुलुंग ला, तो ५०६० मीटरच्या आसपास. उतरायचं तर आधी चढा! एका ट्रकवाल्याने सायकल टपावर बांधली, मला क्लीनरच्या जागी बसवलं आणि जिस्पाला आणून सोडलं. दुपारी तिथं दोन प्लेट राजमा-चावल हाणला मी. इतका फरक पडतो.

पाय चांगले असणं हाच आमचा घात होता. दमलो असतो तर आधीच थांबलो असतो. ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस पाय पसरून बसायचं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आम्हीही वाचलं होतं. फक्त ऑफिसच्या सुट्ट्यांत ते बसत नव्हतं. जिस्पानंतर पटसेओला, साधारण ३८०० वर, एक रात्र काढा. ॲसिटाझोलामाइडचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, इथूनच डॉक्टरला विचारून जा. मी रात्री दहा वाजता शेजारच्या तंबूत गोळी मागत फिरलो होतो, तसं नको.

चौतीस_दाती
सायकलचं मी सांगतो. पुढच्या चक्राला ३४ दात, मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला २८, असं घेऊन गेलो होतो. सेमिनरी हिल्सवर चालतं हो ते. सरचूच्या पुढच्या गाटा लूप्स घाटाला एकवीस वळणं आहेत, सातव्या वळणापासून मी सायकलला धरून चालत होतो. मागे किमान ३४ घ्या, कोणी हसलं तर हसू द्या. टायर ३२ मिमीचे. पांगच्या पुढे मोरे मैदानावर रस्ता लोण्यासारखा, पण त्याआधी कुठे खडी, कुठे वाहतं पाणी. आणि नाले सकाळीच ओलांडा. दुपारच्या उन्हात वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी गुडघ्याला लागतं.

एक मूर्खपणा माझा स्वतःचा. सायकल बॉक्समध्ये भरताना मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, काढून आत बांधला नाही. मनालीला बॉक्स उघडला तर तो ज्यावर बसतो तो हँगर वाकलेला! जादा हँगर वजन वाचवायला घरी ठेवला होता. दगडावर ठेवून पान्याने हळूहळू सरळ केला, पण सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन शेवटपर्यंत करकरली. पुढे लेहपर्यंत सायकलचं दुकान नाही, हे ध्यानात ठेवा.

निवृत्त_बाई
मी ५९ वर्षांची, त्यामुळे माझा अनुभव तुम्हा वीरांना मिळमिळीत वाटेल. विमानाने थेट लेहला उतरले, म्हणजे ३५०० वर. पहिले दोन दिवस नुसती लोळले. जिन्याच्या दहा पायऱ्या चढून धाप लागायची, यजमानीणबाई हसायच्या आणि गरम पाणी आणून द्यायच्या. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या काठाने ठिकसेपर्यंत. मग निम्मूला, जिथे झांस्करचं पाणी सिंधूत मिळतं आणि दोन रंग बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात. पुढे मुक्काम करत करत लामायुरू. तिथली पिवळी माती म्हणजे जुन्या तळ्याचा गाळ. संध्याकाळी उन्हात ती अशी दिसते की सायकल आडवी टाकून मी तासभर बसून राहिले.

खारदुंगला वर जीपने गेले, खाली सायकलने आले. लाज कसली त्यात? तिथली जुनी पाटी १८,३८० फूट म्हणते, माझ्या घड्याळाने ५३६० मीटर दाखवलं, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. उतारावर बोटं इतकी गारठली की ब्रेक दाबलाय की नाही ते कळेना. जाड हातमोजे पिशवीच्या तळाशी होते, अर्थातच.

बर्फीवाला
संत्रा बर्फी नेली होती. सरचूला सकाळी दगड! दाताचं फिलिंग निघालं. खिशात, अंगाजवळ ठेवली की मऊ राहते. आणि पांगला पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे चहा कोमट म्हणून ढाबेवाल्याशी भांडू नका, मी भांडलो होतो.

बेंडची_सून
मी मूळची प्रतापनगरची, सध्या अमेरिकेत ओरेगनमधल्या बेंड गावी. हाही उंच वाळवंटी प्रदेश, गाव ११०० मीटरवर. उंचीचा त्रास नाही, पण हवा कोरडी, दुपारी तापतं आणि रात्री कुडकुडायला होतं. हिवाळ्यात रस्त्यावर लाल ज्वालामुखी खडी टाकतात, ती वसंतात कडेला साचते आणि बारीक टायर तिच्यात सपकन सरकतो. पहिल्या महिन्यात पाच पंक्चर झाले. दुकानदार म्हणाला, हा इथला कुप्रसिद्ध काटा. हातावर घेऊन पाहिला तर सराटा! तोच, आमच्या शाळेच्या मैदानावर चपलेत घुसणारा. इतक्या लांब येऊन सराट्यानेच गाठलं. तेव्हापासून टायरमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतूनच बुजवणारा द्रव.

इथली मला आवडलेली गोष्ट : मॅकेन्झी पासचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. बर्फ काढला की गाड्यांच्या आधी काही दिवस तो सायकलींना खुला असतो. दोन्ही बाजूला बर्फाच्या भिंती, मध्ये काळा लाव्हा आणि एकही हॉर्न नाही.

धागाकर्ती
सगळ्यांना धन्यवाद, उड्डाणपूलदादांना जरा जास्तच. काल रात्री चौघं बसलो. पटसेओची रात्र आणि जिस्पाला एक दिवस विश्रांती धरून तक्ता दहा दिवसांचा झाला, लेहहून परतीची तिकिटं पुढे ढकलली. एकाला सुट्टी मिळत नाहीये. तो म्हणतो मी आठ दिवसांतच करतो, तुम्ही मागून या. त्याला हा धागा पाठवलाय, अजून निळी खूण झालेली नाही.