भरती दफ्तरातली पोस्टिंग म्हणजे आराम?

वर्धा रोडवाला: काल एकानं लिहिलं, "लष्कराच्या भरती दफ्तरात पोस्टिंग म्हणजे नुसता आराम, पोट्टे तर आपणच रांगेत येतात." मला पटलं. अमेरिकेत रिक्रूटरला माणसं शोधत फिरावं लागतं. 2022 मध्ये त्यांच्या लष्कराला 60 हजार हवे होते, 15 हजार कमी पडले. त्यांचं टेन्शन समजतं. इथं कसलं?

माजी हवालदार, कामठी: ती पोस्टिंग मी केली आहे. मध्यरात्रीपासून मैदानात उभं राहायचं. 1600 मीटरची दौड, तेव्हा 5 मिनिटं 45 सेकंद झाली की दोरी आडवी धरायची, मागं राहिलेले बाद. गोंदियाकडचा एक पोट्टा दोरीपाशीच पडला, पायात बूट नव्हते. दोरी माझ्या हातात होती. युनिटमध्ये जवान आपल्या हातानं घडतो, त्याचं समाधान वेगळं. इथं दिवसभर नाहीच म्हणायचं, आणि पास झालेला पुन्हा दिसत नाही.

पोराचा बाप: समाधान तुम्हाला पाहिजे? माझ्या मुलाला "चल बाजूला" एवढंच म्हटलं गेलं. दोन वर्षं पहाटे चारला उठून धावला होता तो.

माजी हवालदार, कामठी: तसं बोलणारे होते. चूकच होती ती.

पोराचा बाप: त्याआधी अकादमीनं चाळीस हजार घेतले. तळवे सपाट आहेत हे पहिल्या दिवशी दिसत नव्हतं काय? मेडिकलला कळलं!

अकादमीत शिकवतो: सगळ्यांना एकाच काठीनं झोडू नका. मी आल्या दिवशी गुडघे, तळवे, कान बघतो. अनफिट वाटला तर परत पाठवतो, मग बापच भांडायला येतो.

पोराचा बाप: फी घेऊन की न घेता?

अकादमीत शिकवतो: न घेता. येऊन बघा.

वर्धा रोडवाला: अकादमी राहू द्या ना जी. 2023 पासून ऑनलाइन परीक्षा आधी, दौड नंतर. गर्दी कमी, मग काम हलकंच झालं.

माजी हवालदार, कामठी: गर्दी कमी झाली, प्रश्न वाढले. चार वर्षांनी अग्निवीरांतले 25 टक्केच कायम होणार, बाकीच्यांचं काय, हे गावागावातले बाप खुर्चीवरच्या माणसालाच विचारतात. नियम त्यानं केलेला नाही, उत्तर त्यालाच द्यावं लागतं.

वर्धा रोडवाला: बरं, आराम हा शब्द मागं घेतो. पण सियाचिनवाल्यापुढं हे बोलू नका.

माजी हवालदार, कामठी: सियाचिनही केलं आहे. तिथं कोणाचा बाप माझ्यासमोर रडला नव्हता.

पोराचा बाप: मी रडलो होतो, हवालदार साहेब. समोरच्यानं मान वर केली नाही.