डार्प-३२: टोटलचा बँड झकास, फॉस्फोचा येईचना

रंकाळ्याकाठचा:
मंडळी मदत करा. कोल्हापुरात पीएचडी करतोय, उंदराच्या स्ट्रायटमवर (मेंदूचा आतला एक भाग) काम हाय, वेस्टर्न ब्लॉट करतोय (प्रोटीन आकारानुसार वेगळी करून मेंब्रेनवर अँटीबॉडीनं शोधायची पद्धत). डार्प-३२ या प्रोटीनची टोटल अँटीबॉडी (फॉस्फेट असो-नसो, सगळं पकडणारी) लावली की ३२ केडीएला (त्याच्या आकाराच्या जागी) ठसठशीत बँड येतोय, पण थ्रिओनिन-३४ ची फॉस्फो अँटीबॉडी (३४ व्या जागेवरच्या थ्रिओनिनला फॉस्फेट लागलेला असेल तरच पकडणारी) लावली की सगळी मेंब्रेन काळवंडते आणि बँडचा पत्ता नाही. तीन वेळा झालं. ५% दुधात ब्लॉक करतोय (अँटीबॉडी कुठंही चिकटू नये म्हणून), फॉस्फेटेज इन्हिबिटर (फॉस्फेट काढणारी एन्झाइम थांबवणारं) पण घालतोय. गाइडना दुसरी वायल मागवा म्हणायला जीव होईना, लई महाग हाय. अँटीबॉडीच खराब आलीय का?

पेठेतली:
आधी दूध बंद कर भावा. त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन (फॉस्फेट लागलेलं प्रोटीन), फॉस्फो अँटीबॉडीला बॅकग्राउंड येऊ शकतं त्यानं. ५% बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घे, आणि पीबीएस (फॉस्फेटवालं बफर) वापरत असशील तर टीबीएसटीवर (बिगर फॉस्फेटचं बफर) ये.

जुना_पोस्टडॉक:
दूध सोडून काळपटपणा कमी होईल, पण बँड येईलच असं नाही. उंदराचं डोकं उडवल्यापासून स्ट्रायटम गोठेपर्यंत किती वेळ जातो?

रंकाळ्याकाठचा:
७-८ मिनिटं दादा, बर्फावरच करतो.

जुना_पोस्टडॉक:
मग तिथंच गेलं सगळं. रक्तपुरवठा तुटला की पेशीत कॅल्शियम चढतं, त्यानं कॅल्सिन्युरिन नावाचं फॉस्फेटेज जागं होतं आणि ते नेमकं थ्रिओनिन-३४ वरचाच फॉस्फेट काढतं, तू इन्हिबिटर घालेपर्यंत काम उरकलेलं असतं. टोटलला काय फरक पडत नाही, प्रोटीन तिथंच असतं ना. डोकं लगेच लिक्विड नायट्रोजनमध्ये बुडवायचं, मग गोठलेल्यातून स्ट्रायटम काढायचं, आणि थेट उकळत्या १% एसडीएसमध्ये (प्रोटीन उलगडणारा साबण) सोनिकेट करायचं (ध्वनिलहरींनी फोडायचं) म्हणजे एन्झाइम जागच्या जागी मरतात. नायट्रोजन आपल्याकडं मिळतो, गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाला तोच लागतो. एथिक्स कमिटीच्या मंजुरीत ही पद्धत नसेल तर आधी ती घे.
आणि पॉझिटिव्ह कंट्रोल कुठाय? शांत बसलेल्या उंदरात हा फॉस्फेट मुळात कमीच असतो. स्ट्रायटमच्या स्लाइसला फोर्स्कोलिन दे, पेशीतला निरोप्या रेणू सायक्लिक एएमपी वाढून पीकेए (हा फॉस्फेट लावणारं एन्झाइम) चालू झालं की बँड यायलाच पाहिजे. तिथंही नाही आला तर अँटीबॉडीवर संशय घे, त्याआधी नको.

पेठेतली:
एसडीएस वापरलास तर प्रोटीन ब्रॅडफर्डनं मोजू नको, आकडे चुकतात. बीसीए कर.

रंकाळ्याकाठचा:
तीन महिने अँटीबॉडीलाच शिव्या घालत बसलो होतो. स्लाइसचं आधी करतो, आठवड्यात ब्लॉटचा फोटो टाकतो इथंच. फोर्स्कोलिन १० मायक्रोमोलार चालेल का?

जुना_पोस्टडॉक:
चालेल, १० मिनिटं दे. बिगर फोर्स्कोलिनची स्लाइस शेजारच्या लेनला लाव.