हातापायांना मुंग्या येणाऱ्या कोणत्या रुग्णाला कोल्हापूरला पाठवावे?

प्रश्न (जनरल प्रॅक्टिशनर, राधानगरी तालुका):
नमस्कार. पाय बधिर वाटतात, मुंग्या येतात, अशी तक्रार घेऊन माझ्याकडे पुष्कळ रुग्ण येतात. त्यांतले बहुतेक उसाच्या शेतात राबणारे असून, कोल्हापूरची खेप म्हणजे त्यांची मजुरी बुडते आणि वर एमआरआयचा खर्च येतो. त्यामुळे उगाच कोणाला पाठवावेसे वाटत नाही. पण ज्याला पाठवायलाच हवे असा रुग्ण मागे राहू नये, याचीही तितकीच काळजी वाटते. दवाखान्यातच हा निर्णय कसा घ्यावा?

उत्तर (मेंदूविकारतज्ज्ञ, कोल्हापूर):
डॉक्टर, त्रास कधी सुरू झाला आणि कसा पसरला, यावरच निम्मे निदान होते. दोन्ही तळपायांपासून महिनोन्महिने हळूहळू वर चढणारा बधिरपणा असेल, तर आधी मधुमेह आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पाहावी. दीर्घकाळ मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकते, आणि हिमोग्लोबिन व्यवस्थित असूनही नसांना इजा झालेली असू शकते. चप्पल पायातून निसटली तर कळते का, हे मी प्रत्येकाला विचारतो. मग कंपन जाणवते का हे पाहण्यासाठी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) पायाच्या अंगठ्यावर टेकवतो, घोट्याचा रिफ्लेक्स (ठोकल्यावर पावलाची आपोआप होणारी हालचाल) पाहतो आणि रुग्णाला दारापर्यंत चालवतो. बी-१२ न पाहता नुसते फॉलिक ॲसिड मात्र देऊ नये. रक्त सुधारते, पण मज्जारज्जूची हानी चालूच राहते.

याउलट, काही दिवसांतच पायांतली ताकद कमी होऊन अशक्तपणा हातांकडे सरकत असेल, लघवी अडत असेल किंवा पोटावरच्या एका पातळीखाली संवेदना गेली असेल, तर त्याच दिवशी पाठवावे. गिलन-बारे या झपाट्याने वाढणाऱ्या नसांच्या आजारात श्वासाचे स्नायूही निकामी होऊ शकतात.

उत्तर (वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र):
कुष्ठरोग विसरू नये, ही विनंती. बधिर चट्टा किंवा कोपरामागे जाड झालेली नस आढळल्यास आमच्याकडे पाठवावे. औषधे मोफत मिळतात.

प्रश्नकर्ते:
दोघांचेही आभार. अर्धे अंग अचानक बधिर झाले, तर ॲस्पिरिन देऊन पाठवावे का?

उत्तर (मेंदूविकारतज्ज्ञ):
नाही. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय सांगता येत नाही. ग्लुकोमीटरवर साखर जरूर पाहावी, कारण ती उतरल्यानेही हुबेहूब पक्षाघातासारखी लक्षणे दिसू शकतात. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळ नातेवाइकांना विचारून चिठ्ठीवर लिहावी. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे तेव्हापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून आधी फोन करून, सीटी आणि इंजेक्शन दोन्हींची सोय असलेल्या रुग्णालयातच थेट पाठवावे.