‘हौसेच्या’ ऑपरेशनसाठी मुलं कोणी सांभाळायची?

कोपऱ्यातली खुर्ची

मला दोन मुलं. मोठी पाच वर्षांची, धाकटा पावणेदोनचा. दुसऱ्या बाळंतपणात पोटाचे स्नायू मधोमध फाकले, ते परत जवळ आलेच नाहीत. डायस्टॅसिस रेक्टी म्हणतात त्याला. वर्षभर फिजिओथेरपी नेमाने केली. कंबरदुखी बरीच उतरली, पण बेंबीच्या वर अजून तीन बोटं सहज आत जातात, आणि ताणलेली कातडी काही व्यायामाने आवळत नाही. लोक अजून "कितवा महिना?" विचारतात.

शेवटी टमी टक करायचं ठरवलंय. स्नायू मधे ओढून शिवणार, जास्तीची कातडी काढणार. सर्जनने बजावलंय, सहा आठवडे जड उचलायचं नाही. जड म्हणजे किती, विचारलं तर म्हणे चार-पाच किलोच्या वर काहीच नको. धाकटा बारा किलोचा आहे.

पहिले दोन आठवडे येशील का, म्हणून जावेला विचारलं. ती म्हणाली, "अपेंडिक्स असतं तर न बोलावता आले असते. ही तुझी हौस आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ते मी का मोजू?"

नवऱ्याला एक आठवडा रजा मिळेल. आई चौसष्टची आहे, गुडघे दुखतात. मला राग आलाय, पण जावेचं चुकलं कुठे ते नीट सांगताही येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

चौकस

जावेचं चुकलेलं नाही. बोलण्याची पद्धत चुकली असेल, मुद्दा बरोबर आहे. अपेंडिक्स तारीख विचारून येत नाही, तुमची तारीख तुम्ही ठरवताय. मग धाकटा साडेतीनचा होईपर्यंत थांबा ना. स्वतः पलंगावर चढेल, स्वतः चड्डी काढेल, "आईच्या पोटाला बाऊ झालाय" हे त्याला कळेल. ज्या ऑपरेशनला घाई नाही त्यासाठी चार माणसांच्या आयुष्यात उलथापालथ कशाला?

आणि तिसऱ्याचा विचार नाही ना? पुन्हा गरोदरपण आलं तर शिवलेले स्नायू परत ताणतात. ते आधी ठरवा.

दुपारची झोप

"थांबा" म्हणायला काय जातं! धाकटा साडेतीनचा झाला की थोरलीची शाळा, मग कोणाची तरी परीक्षा, मग घरात कोणी आजारी. आईच्या रांगेत पुढे उभं राहायला नेहमी कोणीतरी असतंच.

पण माझा अनुभव सांगते, तो चौकस यांच्याच बाजूने जाईल बहुतेक. माझा लेक तेव्हा दीड वर्षाचा. नववा दिवस. ड्रेन, म्हणजे आत साठणारं पाणी बाहेर काढायच्या नळ्या, निघाले होते, बरं वाटत होतं, गोळ्याही बंद. मदतीला आलेली बहीण अंघोळीला गेली आणि हा पाळण्यात उभा राहून रडायला लागला. दोन मिनिटं गप्प बसले. तिसऱ्या मिनिटाला कठड्यावरून वाकून उचललं. दुखलंसुद्धा नाही. तीन दिवसांनी पोटाच्या खालच्या भागात पाण्याची पिशवी धरल्यासारखं डुचमळायला लागलं. सेरोमा, म्हणजे कातडीखाली पाणी साठणं. सुईने तीनदा पाणी काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, न उचलतासुद्धा होऊ शकतं. असेल. पण मी ते आजही त्या तिसऱ्या मिनिटाच्याच खात्यावर टाकते.

चौकस

हेच तर म्हणतोय.

दुपारची झोप

नाही, तुम्ही म्हणताय करू नका. मी म्हणतेय, सांभाळणारं माणूस अंघोळीला जाईल तेव्हा दुसरं माणूस हवं.

नातवंडांची आजी

मी त्या "मदतीच्या" बाजूची आहे म्हणून लिहिते. वय त्रेसष्ट. सुनेने असंच ऑपरेशन केलं. कशासाठी केलं याच्याशी मला काही देणंघेणं नाही, तिचं शरीर, तिची मर्जी. मला लागलं ते वेगळंच. तारीख ठरली, आगाऊ पैसे भरले, नवऱ्याची रजा मंजूर झाली आणि मग मला सांगण्यात आलं, "आई, तुम्ही आहातच." विचारलं नव्हतं, गृहीत धरलं होतं.

तीन आठवडे मी तेरा किलोचा नातू दिवसातून पंधरा वेळा उचलला. खुर्चीत, खुर्चीतून, बाथरूमच्या ओट्यावर, ओट्यावरून. चार-पाच किलोची मर्यादा सुनेला डॉक्टरांनी घालून दिली, मला कोणी घालून दिली नाही. माझी कंबर धरली ती दोन महिने. सून मनाने चांगली आहे, तिने नंतर माझं सगळं केलं. पण आधी बसून विचारलं असतं, तर मी म्हणाले असते की मी गोष्टी सांगेन, भरवेन, झोपवेन, उचलायला दुसरं कोणी बघा.

तुमच्या आईचे गुडघे दुखतात असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. तिथे जरा थांबा.

कोपऱ्यातली खुर्ची

आजी, वाचून गप्प झाले. आईला अजून विचारलेलं नाही, हे खरं. तीही "आहेच" या यादीत होती.

रात्रपाळी

सर्जिकल वॉर्डात काम करते. हौस की गरज या वादात पडत नाही, पण अपेंडिक्सशी तुलना वर आली म्हणून लिहिते. दुर्बिणीतून काढलेल्या साध्या अपेंडिक्सचे बरेचसे पेशंट एक-दोन आठवड्यांत रोजच्या कामाला लागतात. टमी टकमध्ये कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद असतो, बहुतेक वेळा आतून स्नायूही शिवलेले असतात. नाव कॉस्मेटिक असलं तरी मोठं ऑपरेशन आहे.

पहिले काही दिवस सरळ उभं राहता येत नाही. टाक्यांवर ताण येतो म्हणून कमरेत वाकून चालावं लागतं, झोपतानाही पाठीखाली आणि गुडघ्यांखाली उशा. पण चालायचं मात्र पहिल्या दिवसापासून, नाहीतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका. म्हणजे नुसतं "आईला पडून राहू द्या" असं नाही. तिला दर थोड्या वेळाने उठवून चालवायचं, आणि त्याच वेळी कोणीतरी मुलांना तिच्या पायात येऊ द्यायचं नाही. पूर्ण भूल दिल्यानंतरचे २४ तास तर तिच्यासाठीच एक जबाबदार मोठं माणूस सोबत हवं. ते माणूस आणि मुलांना बघणारं माणूस एकच असून चालत नाही. घरी सोडताना आम्ही विचारतो, "घरी कोण आहे?" "नवरा आहे." "मुलं कोणाकडे?" "त्याच्याकडेच." इथेच सगळं अडतं.

ड्रेन लावले असतील तर त्यात जमलेलं पाणी रोज मोजून लिहायचं. साधारण दिवसाला ३० मिलीच्या खाली आलं की काढतात, हा आकडा सर्जनप्रमाणे थोडा बदलतो. पावणेदोन वर्षांच्या पोराला ती लोंबणारी नळी म्हणजे खेळणंच. सैल गाऊनच्या आत पिन करून ठेवा. गोळ्या कुलपात, उशाशी नाही. ट्रॅमाडोलसारख्या दुखण्यावरच्या औषधाने गुंगी येते. ते चालू असताना मुलांसोबत एकटं राहायचं नाही आणि गाडीही चालवायची नाही. धाकट्याचं अंगावरचं दूध सुटलंय ना? अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१७ साली अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी कोडीन आणि ट्रॅमाडोलबद्दल कडक इशारा दिला होता. पाजत असाल तर सर्जनला आधी सांगा.

पडद्याआड

मी करून बसले आहे आणि कोणालाही कळलेलं नाही. घरात सांगितलं, हर्निया. बेंबीपाशी होतासुद्धा थोडासा, म्हणजे अगदीच खोटं नाही. सासूबाई, नणंद, सगळ्या धावून आल्या. हेच "पोट सुडौल करायचंय" म्हटलं असतं तर एक जण फिरकलं नसतं. तुमची जाऊ आता हातची गेली, पण बाकीच्यांना तरी हर्नियाच सांगा. सहानुभूती आजाराचं नाव बघून मिळते, हा माझा दोष नाही.

नातवंडांची आजी

असं मला कोणी केलं असतं आणि नंतर कळलं असतं, तर त्या घरात मी पुन्हा मुक्काम केला नसता.

पडद्याआड

आजी, खरं सांगितल्यावर ‘नाही’ म्हणणारे लोक आहेत म्हणून खोटं सांगावं लागतं.

नातवंडांची आजी

नाही म्हणण्याचा हक्क मला नको का?

रात्रपाळी

मला नीती कळत नाही, लक्षणं कळतात. सोबतच्या माणसाला खरं ऑपरेशन माहीत नसेल तर ते काय बघणार? पोटाची एकच बाजू झपाट्याने फुगली, ड्रेनमध्ये एकदम लालभडक रक्त यायला लागलं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत दुखणं. यातलं काहीही दिसलं तर फोनवर विचारपूस नाही, थेट हॉस्पिटल. "हर्नियाच आहे, दुखणारच थोडं" म्हणत घरच्यांनी रात्र काढली तर? बाकी कोणाला काय सांगायचं ते सांगा, सोबत झोपणाऱ्याला खरं सांगा.

हळूहळू बाबा

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी झालं. बायकोचं, अर्थात. मी बाजू घेणार नाही, फक्त माझी चूक सांगतो.

मी आठवडाभर रजा घेतली, ऑपरेशनच्या दिवसापासून. त्या आठवड्यात तिची आई, माझी बहीण, शेजारच्या काकू, सगळेच हजर. मी निव्वळ चहा करत होतो. आठव्या दिवशी मी कामावर, बाराव्या दिवशी बहीण गेली, पंधराव्याला सासूबाई. आणि तिसऱ्या आठवड्यात बायको दिसायला ठणठणीत! सरळ चालते, हसते, पोटाचा पट्टा कपड्यांखाली दिसत नाही. मुलीच्या दृष्टीने आई बरी झाली, मग आता कडेवर का घेत नाही? रोज संध्याकाळी रडारड. बायकोचाच धीर सुटायला लागला, "घेते एकदा, काय होतंय." आतले टाके मात्र अजून कच्चेच.

पुन्हा वेळ आली तर रजा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यासाठी राखून ठेवीन. पहिल्या आठवड्यात माणसं आपोआप मिळतात.

अवांतर : मुलीने ड्रेनचा रबरी गोळा बघून विचारलं होतं, "आईच्या पोटाला फुगा का लावलाय?" आम्ही म्हटलं, हवा भरायला. ही थाप महागात पडली. ती फुंकर मारायला गेली.

निर्भीड

सगळे व्यवस्थेवर बोलताहेत, मूळ प्रश्न कोणी विचारत नाहीये. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. आईला आपलं पोट आवडत नाही म्हणून आई ते कापून घेते, हे तिने बघायचं का? मुलांना सांभाळायला कोण येणार याआधी हे.

दुपारची झोप

निर्भीड, तीन बोटं आत जाणारं पोट घेऊन बारा किलोचं मूल वर्षभर उचलून बघा. मग "आवडत नाही" हा शब्द वापरा.

निर्भीड

कंबरदुखी उतरली असं त्यांनीच लिहिलंय. कातडी काढण्याचा कंबरेशी संबंध नाही.

कोपऱ्यातली खुर्ची

निर्भीड, बरोबर पकडलंत. कंबर हे अर्धं कारण, लोकांचं "कितवा महिना" हे उरलेलं अर्धं. दोन्ही माझीच आहेत. मुलीला मी एवढंच सांगणार आहे की तुम्ही दोघं माझ्या पोटात होता तेव्हा स्नायू लांब गेले, डॉक्टर ते जवळ आणून शिवणार. "तुमच्यामुळे झालं" असं तिला वाटू नये यासाठी वाक्य कसं फिरवायचं, त्यावर मात्र अजून अडखळते आहे.

चौकस

एक विचारतो. सर्जन सोबत छातीचंही करून घ्या म्हणतायत का? एका दगडात दोन पक्षी, मम्मी मेकओव्हर वगैरे?

कोपऱ्यातली खुर्ची

हो, म्हणाले होते. एकदाच भूल, एकदाच रजा.

रात्रपाळी

भूल एकदाच, पण जास्त वेळ. आणि मुलांच्या बाजूने बघा. नुसतं पोट असेल तर हात मोकळे असतात. बसल्या जागी भरवता येतं, वेणी घालता येते, पुस्तक धरता येतं. छातीचंही केलं तर काही आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जोर लावून ढकलायचं-ओढायचं नाही. पोटाने उठता येत नाही म्हणून माणूस हातावर जोर देऊन उठतं, तेही बंद. मग मुलांचं सोडा, तुम्हाला उठवायलाच माणूस लागेल. छातीसाठी तसंही दूध सुटल्यावर काही महिने थांबायला सांगतात, आकार स्थिर व्हायला.

कोपऱ्यातली खुर्ची

सगळ्यांचं वाचून काल आईशी बोलले. विचारलं, गृहीत धरलं नाही. तिने आजींसारखंच उत्तर दिलं, "बसून जे होईल ते सगळं माझं." उचलायला पगारी बाई बघतेय, दिवसभरासाठी, आणि ऑपरेशनच्या महिनाभर आधीपासून, म्हणजे धाकट्याला तिची सवय होईल. नवरा दोन-दोन दिवस करून रजा पुढे ढकलतोय. छातीचं रद्द. ऑपरेशन आठ महिने पुढे.

जावेला परत विचारलेलं नाही. तिचाच फोन आला, मोठीला शाळेतून आणेन म्हणाली. तेवढंच. मी "हो" म्हटलं, आभार मानायला जीभ वळली नाही.

चौकस

आठ महिन्यांनी तो चौदा किलोचा होईल.

दुपारची झोप

चौकस, अहो!

नातवंडांची आजी

आणि रात्रीचं? दोन वाजता उठून रडला की कोण जाणार?

कोपऱ्यातली खुर्ची

नवरा. आतापासून सुरू केलंय, चार रात्री झाल्या. पहिल्या दोन रात्री तो रडला, मी दाराआड उभी राहून रडले. तिसऱ्या रात्री बाबाकडे झोपला.

पलंगाला लागून एक बुटकं स्टूल ठेवलंय. आज सकाळी त्यावर पाय टाकून, पोटावर घसटत, आपला आपण वर चढला. वर पोचल्यावर उभा राहिला, माझ्याकडे वळला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "उचल."