रोजची ती पोळी की चपाती?

घडीची_पोळी:
परवा भाची जेवताना म्हणाली, "मामा, अजून एक चपाती." मला राहवलं नाही. तेल लावून, घडी घालून लाटलेली, पदर सुटणारी ती आपली पोळी. चपाती हा उत्तरेकडचा शब्द. १५९० च्या दशकातल्या 'आईन-ए-अकबरी'त तव्यावरच्या पातळ रोटीला हे नाव आहे. १८५७ च्या आरंभी उत्तरेत गावोगाव पोचवल्या त्याही चपात्याच. पोळी मात्र 'पोलिका' म्हणून बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त आहे, आणि तो कल्याणीच्या (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) चालुक्य राजा सोमेश्वराचा ग्रंथ, म्हणजे आपल्या दाराशीच लिहिलेला. हक्काचा शब्द का सोडायचा?

शाळूची_भाकरी:
कुणाच्या हक्काचा? आमच्या बार्शीकडे रोज शाळूची भाकरी. "आज पोळ्या हायेत" म्हटलं की पुरणाच्याच, सोबत कटाची आमटी, घरात पै-पाहुणे. साध्या गव्हाच्यालाही पोळीच म्हटलं तर सणाला काय म्हणायचं? म्हणून ती चपाती. शाळेत डबा उघडून चपाती म्हटलं की बाई सगळ्यांदेखत "पोळी म्हण" म्हणायच्या. आईचं बोलणं चुकीचं आहे असं वाटून मी डबा झाकून खायचो. हे अजून विसरलो नाही.

तवा_तापला:
मी भाकरीवाल्यांच्या बाजूने. कन्नडमध्ये शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'चा 'ह' झाला: दुधाला जुना शब्द पाल्, आता हालु. तसंच पोळीचं होळिगे. आणि होळिगे म्हणजे भरलेलीच. तमिळ पोळीही गोड, सारण घातलेली. शेजारी सगळीकडे पोळी सणाची असेल तर बार्शीचा अर्थ चुकीचा कसा? शिवाय चपाती परकी नाही. संस्कृत 'चर्पट' म्हणजे उघडा पंजा. आपली चापट, चपटं आणि चपाती एकाच घरातली.

घडीची_पोळी:
बाईंनी केलं ते चूकच, त्याबद्दल वाद नाही. चर्पटचंही मान्य. पण भरलेली पोळी आधीची, हे पटत नाही. 'मानसोल्लासा'त निखाऱ्यावर भाजलेली ती अंगारपोलिका, आणि आत पुरण घातलेलीला नाव निराळंच, वेष्टिका. म्हणजे पोलिका साधी होती. म्हणून तर आपण 'पुरण' हा शब्द वेगळा जोडतो. आणि पोळपाटाचं काय? चपाती म्हणणाऱ्या घरातही 'चपातीपाट' नसतो!

शाळूची_भाकरी:
पोळपाट आमच्याकडेही होता, फळीवर. भाकरी काटवटीत मळायची आणि थापायची, तिला लाटणं लागत नाही. आई पोळपाट खाली काढायची ती होळीला, बैलपोळ्याला. तो खाली आला की आम्ही पोरं ओळखायचो, आज पोळ्या.