फांद्या चिकटवल्यासारख्या का दिसतात?
तुमच्या तैलचित्रातल्या चेहऱ्याच्या मानेतून फुटलेल्या झाडाच्या फांद्या चिकटवल्यासारख्या का दिसतात, असं तुम्ही विचारलंय. फांद्या छानच जमल्यात, गडबड मान आणि फांदी जुळतात त्या सांध्यात आहे. कानामागून हासळीच्या हाडाकडे तिरका उतरणारा जाड स्नायू असतो. फांदीचा बुंधा त्याच दिशेने न्या, म्हणजे मानेचा ताण सालीत उतरतो. अंडरपेंटिंग (रंगाचा सर्वांत खालचा थर) मान आणि फांदी दोन्हींचं एकत्रच करा: बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) टर्पेंटाइनने पातळ करून, एकाच बाजूचा उजेड धरून. चेहरा आधी पूर्ण करून झाड नंतर चढवलं की कड कापल्यासारखी राहते.

सांध्याच्या बोटभर पट्ट्यात घाई नको. त्वचेच्या मध्यछटेत थोडा टेर व्हर्ट (मातकट हिरवा रंग) मिसळा आणि तीच छटा सालीच्या उजेडाकडच्या बाजूलाही वापरा. रंग ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने कड पुसट करा. सालीच्या भेगा त्यानंतर रंगवा, त्याही त्वचेकडे विरळ होत जाणाऱ्या. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत न्या. खालचा थर तेलकट आणि वरचा कमी तेलाचा असला तर तडे जातात.

मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोचं १९४३ चं 'रूट्स' हे चित्र जरूर बघा. त्यात तिच्या शरीरातून वेल फुटलीय. पानांच्या लाल शिरा पानांच्या कडेबाहेर जमिनीवर पसरतात, म्हणून ती वेल शरीराचीच वाटते. तुमच्या चित्रात डोळ्यांवरची दोन पानं मात्र काढाच, नजर झाकली जातेय.