तणावमुक्ती शिबिर की तिसरी सिस्टर?

रातपाळी: नाइट आठला संपली. पुढच्या पाळीला ओव्हर (पेशंटची माहिती) देऊन, रजिस्टरं पुरी करून निघायला सव्वानऊ. तेवढ्यात मेट्रन ऑफिसातून निरोप: दहाला तणावमुक्ती शिबिर, हजेरी सक्तीची. डोळे मिटा म्हणाले, मी तिथंच झोपले. रात्री वॉर्डात 44 पेशंट, सहाजण खाली गाद्यांवर, आणि आम्ही दोघी. शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष. 44 भागिले 2 हे गणित दीर्घ श्वास घेऊन सुटत नाही. शिबिराऐवजी तिसरी सिस्टर द्या.

पलंग_सतरा: खरं असेल. पण बाबा ॲडमिट होते तेव्हा सलाइन संपलंय म्हणून तीनदा सांगायला गेलो. तिसऱ्यांदा सिस्टर खेकसल्या, "डोळे आहेत मला!" इकडे नळीत रक्त चढलेलं. एसटीचे कंडक्टर, पोलीस थकत नाहीत का?

रातपाळी: खेकसायला नको होतं. मीही एकदा एका मुलाला असंच बोलले, शेजारच्या खाटेवर सीपीआर चालू होता. दुसऱ्या रात्री माफी मागायला गेले तर डिस्चार्ज झालेला.

खाटा_पंधरा: सरकारीत निदान पगार, रजा तरी आहे. तालुक्याला माझं 15 खाटांचं हॉस्पिटल. सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेली समिती म्हणते, 50 खाटांखालीही नर्सला किमान 20,000 द्या. द्यायचे कुठून? बिल वाढवलं की नातेवाईक अंगावर येतात. शिवाय हाताखाली तयार झालेली मुलगी दोन वर्षांत आखातात.

जीएनएम_पास: डॉक्टर, अशाच एका ठिकाणी मी 9,000 वर होते. बारा तासांची ड्युटी, रिलिव्हर आली नाही की चोवीस. मूळ सर्टिफिकेटं त्यांच्या कपाटात. मुली आखातात का जातात, ते आम्हाला काय विचारता?

खाटा_पंधरा: सर्टिफिकेटं ठेवणं चूक, मी ठेवत नाही. पगाराचं मात्र कुणी सांगा.

रातपाळी: सरकारीतही सगळं आलबेल नाही हो. 2022 मध्ये आम्ही संप केला तो बाहेरच्या एजन्सीकडून कंत्राटी भरती नको म्हणूनच. तेव्हा पेपरात काय, तर रुग्णांचे हाल. दोघींवर 44 असतात तेव्हा हाल नसतात वाटतं!

पलंग_सतरा: एक विचारायचं राहिलं. चौथ्यांदा न जाता मी नळीवरचं ते चाक फिरवून सलाइन बंद केलं. बरोबर होतं का?

रातपाळी: बरोबर. बंद करून सांगायला यायचं. सुईला हात लावायचा नाही.